फॅन बिघडलेला नाही, त्याला कुणी काही सांगत नाहीये

प्रश्न असा आहे. सोलापुरात साखर पेठेत फोटो स्टुडिओ. पुण्याहून सेकंडहँड आणलेला २७ इंची आयमॅक (अ‍ॅपलचा, स्क्रीनमध्येच सगळं बसवलेला कॉम्प्युटर), २०११ च्या मध्याचं मॉडेल. आतली एक टीबीची हार्डडिस्क फारच रेंगाळायला लागली म्हणून गेल्या आठवड्यात गावातल्याच एका दुकानातून एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, बसवून घेतली. मशीन आता झपाझप चालतं, पण चालू केल्यावर दीड-दोन मिनिटांत फॅनचा आवाज चढायला लागतो आणि बंद करेपर्यंत उतरत नाही. ‘घरात कुणी मिक्सर लावून विसरल्यासारखा.’ दुकानदार म्हणतो फॅन गेला, नवा मागवावा लागेल. इकडे लगीनसराईचे अल्बम डोक्यावर आहेत, मशीन आठवडाभर सोडता येत नाही. काय करावं?

फॅन मागवू नका. इतक्या वेगाने तासन्‌तास फिरूनही तो खडखडत नाहीये, म्हणजे चांगलाच ठणठणीत आहे. त्याला जे सांगितलंय ते तो इमानदारीत करतोय. सांगणाऱ्याकडेच माहिती नाही, ही खरी अडचण. दुकानदारालाही मी नावं ठेवणार नाही. असं मशीन पहिल्यांदा हातात आलं तेव्हा मीसुद्धा फॅनच मागवला होता. तो बसवला, काच लावली, बटण दाबलं, दोन मिनिटांनी पुन्हा तीच बोंब. फॅनचे पैसे गिऱ्हाइकाकडून मागायची लाज वाटली, ते माझ्याच खिशातून गेले. तो फॅन अजून दुकानात डब्यात पडून आहे.

आत काय चाललंय ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. तुमच्या आयमॅकमध्ये तीन फॅन आहेत: एक प्रोसेसरचा, एक डीव्हीडी ड्राइव्हच्या बाजूचा आणि एक हार्डडिस्कचा. तिघांचा वेग ठरवते बोर्डावरची एक छोटी चिप. मशीनभर बारीक बारीक तापमानाचे सेन्सर आहेत, ते त्या चिपला सतत आकडे कळवत असतात. आकडा वाढला की फॅन वाढव, उतरला की उतरव, एवढंच तिचं काम. आता एखाद्या सेन्सरकडून आकडाच आला नाही तर? पोरगं रात्री वेळेवर घरी आलं नाही आणि फोनही लागत नसेल, तर आई काय धरून बसते? सगळ्यात वाईट तेच. चिपचंही तसंच आहे. हार्डडिस्क किती तापलीय ते कळत नाही, म्हणजे जळत असेल असं धरून ती हार्डडिस्कचा फॅन हळूहळू पूर्ण वेगावर नेते. एरवी मिनिटाला हजार-अकराशे फेऱ्यांवर फिरणारा फॅन पाच हजारांच्या आसपास जातो. चालू केल्याबरोबर लगेच नाही, मिनिट-दोन मिनिटांत चढत जातो, हे तुम्ही लिहिलेलं लक्षण त्याला अगदी जुळतं.

मग एसएसडी बसवल्यावरच आकडा का थांबला? इथे आयमॅकचं वर्ष महत्त्वाचं आहे, कारण कंपनीने दर काही वर्षांनी पद्धत बदलली. २००९ च्या सुरुवातीपर्यंतच्या मॉडेलमध्ये तापमानाचा सेन्सर हार्डडिस्कच्या अंगावर बाहेरून चिकटवलेला असायचा. जुन्यावरून सोडवायचा, नव्यावर चिकटवायचा, विषय संपला. २००९ च्या शेवटी आणि २०१० मध्ये बोर्डातून एक वेगळी दोन तारांची बारीक वायर यायची आणि थेट हार्डडिस्कच्या बाजूच्या छोट्या पिनांवर बसायची. हार्डडिस्क कोणत्या कंपनीची, त्यावर ती वायरही वेगळी. एसएसडीला तसल्या पिना नसतातच, त्यामुळे वायर लोंबकळत राहते. २०११ मध्ये, म्हणजे तुमच्या मशीनमध्ये, ती वेगळी वायरही गेली. तापमानाची बातमी पॉवरच्या वायरमधूनच न्यायची व्यवस्था केली. आधीच्या पॉवर वायरीला चार तारा होत्या, हिला सात आहेत. वर हार्डडिस्कच्या आतलं फर्मवेअर (तिचा स्वतःचा बारीक प्रोग्रॅम) ही खास आयमॅकसाठीचं, ते त्या जादा तारांतून तापमान कळवतं. बाजारातली कोणतीही एसएसडी, कितीही महागाची घ्या, त्या तारांवर काही बोलत नाही. कनेक्टर नीट बसतो, एसएसडी चालते, फक्त ती मुकी आहे. म्हणून मशीन वेगवान झालं आणि फॅनही सुटला.

तुमच्या वर्णनावरून मला नव्वद टक्के हेच वाटतं. उरलेल्या दहा टक्क्यांसाठी आधी कान लावा.

आपल्याकडे यंत्रमागाच्या कारखान्यात जुना जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, नुसता मागाचा आवाज ऐकून सांगतो की धोटा कुठे अडतोय. फॅनचंही तसंच आहे, कानाला सवय हवी. नुसता वाऱ्याचा ‘सूंsss’ आवाज येत असेल, एकसारखा, तर तो वेगाचा आवाज आहे, फॅन चांगला आहे. ‘घर्रर्र’ येत असेल, चालू केल्यावर जास्त आणि गरम झाल्यावर कमी, किंवा मशीन थोडं कलतं केलं की आवाज बदलत असेल, तर बेअरिंग गेलंय. असा फॅन मात्र खरंच बदलायचा. ‘टर्रर्र’ किंवा ‘टकटकटक’, लहानपणी सायकलच्या चाकात पत्ता अडकवल्यावर यायचा तसा, म्हणजे पात्याला काहीतरी घासतंय: वायर, चिकटपट्टीचं टोक, वायरी बांधायचा विसरलेला एखादा प्लास्टिकचा टाय. आणि अगदी बारीक ‘चींsss’ येत असेल, माउस हलवला की बदलणारा, तर तो फॅनचा आवाजच नाही. तो बोर्डावरच्या कॉइलचा असतो आणि त्याने काही बिघडत नाही. तुम्ही ‘मिक्सर’ म्हणालात म्हणजे पहिला प्रकार. तरी एकदा रात्री रस्ता शांत झाल्यावर कान देऊन ऐका.

आता आज रात्रीच करण्यासारखं. यात मशीन खोलायचं नाही.

आधी एक फुकटची गोष्ट. मशीन बंद करा, मागची पॉवर केबल काढा, पंधरा सेकंद थांबा, केबल लावा, पाच सेकंद थांबा आणि मग बटण दाबा. याने त्या फॅनवाल्या चिपची पाटी कोरी होते. तुमच्या बाबतीत याने फरक पडेल असं मला वाटत नाही, कारण आकडा येतच नसेल तर पाटी कोरी करून काय होणार! पण पाच मिनिटांचं काम आहे, आणि कधी कधी दुसऱ्याच कारणाने चढलेला फॅन याने उतरतो.

मग ‘मॅक्स फॅन कंट्रोल’ नावाचं सॉफ्टवेअर उतरवून घ्या. साध्या वापराला फुकट आहे. उघडल्यावर डावीकडे तीन फॅन आणि त्यांच्या चालू फेऱ्या दिसतील, उजवीकडे सगळ्या सेन्सरचे आकडे. अजून काहीही बदलू नका, नुसतं बघा. हार्डडिस्कचा फॅन एकटाच पाच हजारांजवळ आणि बाकीचे दोघे हजार-बाराशेला निवांत असतील, तर निदान पक्कं झालं. तिन्ही चढलेले असतील तर मात्र थांबा, तो वेगळा मामला आहे. स्क्रीन काढताना तिच्या मागच्या चार वायरी सोडवाव्या लागतात, त्यांतली एक स्क्रीनच्या तापमान सेन्सरची असते. अगदी नाजूक, आणि ती लावायची राहिली तरी चित्र छान दिसतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. फॅन मात्र बोंबलतात. माझ्याकडे ‘एसएसडीमुळे फॅन वाढला’ म्हणून आलेल्या आयमॅकमधली काही याच वायरीची निघाली. त्या दुकानदाराला तुम्ही एवढंच विचारा, ‘स्क्रीनच्या चारही वायरी लावल्या होत्या ना?’ प्रामाणिक माणूस असेल तर आठवून सांगेल.

शंका मिटवायची असेल तर मशीनची स्वतःची तपासणीही आहे. चालू करताना डी बटण दाबून धरायचं. नव्या एसएसडीवर ती तपासणी सापडली नाही तर नेट जोडून ऑप्शन आणि डी एकत्र दाबायचं. यात ‘४एसएनएस’ असा सुरू होणारा कोड आला तर तो सेन्सरचा. पण खरं सांगतो, तीन फॅनचे आकडे बघितल्यावर मी याच्या वाटेला क्वचितच जातो.

निदान पक्कं झालं की त्याच सॉफ्टवेअरमध्ये हार्डडिस्कच्या फॅनसमोरचं ‘कस्टम’ दाबा. दोन पर्याय येतात: एक ठरावीक वेग, नाहीतर एखाद्या सेन्सरप्रमाणे वेग. दुसरा घ्या, आणि सेन्सर म्हणून एसएसडीचंच तापमान निवडा. एसएसडी त्या सात तारांवर बोलत नसली तरी डेटाच्या केबलमधून आपलं तापमान सांगते, ‘स्मार्ट’ नावाच्या नोंदींमध्ये. बोर्डावरची चिप ते ऐकत नाही, सॉफ्टवेअर ऐकतं. म्हणजे आता निरोप घरच्या फोनवर येत नाही, शेजारच्यांकडून येतोय, एवढंच.

पुढे दोन आकडे विचारले जातात: किती तापमानाला फॅन वाढायला लागावा आणि किती तापमानाला पूर्ण वेगावर जावा. इथे नेटवर वाचून नक्कल करू नका. थंड देशातली माणसं सुरुवातीचा आकडा ३५ टाकतात. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, कूलर नसेल तर दुपारी खोलीच ३६-३८ ला असते. ३५ टाकलं तर फॅन दिवसभर चढलेलाच राहील आणि तुम्ही म्हणाल, सॉफ्टवेअर बोगस आहे. मी आपल्याकडे ४५ आणि ६० टाकतो. साध्या, केबलने जोडायच्या साटा एसएसडीला ७० अंशांपर्यंत चालायची परवानगी असते, तेव्हा ४५-५० ला तिला काही होत नाही. मी ज्या मशीनवर हे आकडे टाकलेत, ती मे महिन्यातही तक्रार करत नाहीत.

एक खाचखळगा आहे. स्वस्तातल्या काही एसएसडी तापमानाचा खोटाच आकडा देतात. काहीही करा, ३० म्हणजे ३०, किंवा ४० म्हणजे ४०. थंडीतही तेच, मे महिन्यातही तेच. म्हणून सेटिंग करण्याआधी एका लग्नाचं चाळीस-पन्नास जीबीचं फोल्डर एसएसडीवरच दुसरीकडे कॉपी करायला लावा आणि आकडा बघत बसा. दोन-चार अंशांनी तरी हलला पाहिजे. ढिम्म राहिला तर तो सेन्सर वापरू नका. मग हार्डडिस्कच्या फॅनला ठरावीक वेग द्या, दीड हजार ते अठराशेच्या दरम्यान. त्या वेगाला आवाज जवळजवळ येत नाही आणि हवा खेळती राहते. अकराशेवर बांधून ठेवायचा मोह होईल, आपल्या हवेत तो आवरा. बाकीच्या दोन फॅनना तर हातच लावू नका, ते आपापल्या सेन्सरवर व्यवस्थित चाललेत. विशेषतः तुमच्या वर्षाच्या २७ इंची मशीनमधली काही ग्राफिक्स कार्डं बसायची, ती बदलून देण्याची योजना खुद्द कंपनीने काढली होती. त्या बाजूची हवा शांततेपायी कमी करणं म्हणजे आपणच अडचण घरी बोलावणं.

सॉफ्टवेअरची एक मर्यादा राहतेच. ते चालू होतं मशीन पूर्ण सुरू झाल्यावर. आपोआप सुरू होण्याची खूण करून ठेवा, म्हणजे रोज हाताने उघडायला नको. पण मॅकओएस (आयमॅकची मूळ सिस्टीम) पुन्हा टाकलं, किंवा त्याच मशीनवर विंडोज लावून कुणी अल्बमचं सॉफ्टवेअर चालवत असेल, तर तिथे ते वेगळं टाकावं लागतं. नाहीतर त्या बाजूला पुन्हा मिक्सर. काही जण वर्षानुवर्षं एवढ्यावरच भागवतात, आणि मला त्यात गैर वाटत नाही. लगीनसराई उरकेपर्यंत तुम्हीही भागवा.

पावसाळ्यात काम कमी झालं की कायमचा उपाय करा. दोन रस्ते आहेत.

पहिला, पॉवरच्या वायरीत मध्ये बसणारी सेन्सरवाली केबल. ओडब्ल्यूसी ही अमेरिकन कंपनी आयमॅकच्या वर्षाप्रमाणे अशी केबल बनवते. तिच्या एका टोकाला छोटा सेन्सर असतो, तो एसएसडीच्या अंगावर चिकटवायचा, आणि तो बोर्डाच्या चिपला समजेल अशा भाषेत तापमान सांगतो. सॉफ्टवेअरची गरजच राहत नाही. मागवताना ‘२०११’ हे वर्ष नीट सांगा, २००९-१० ची केबल वेगळी आहे, दिसायला सारखी वाटली तरी. बाहेरून यायची म्हणजे दिवस लागतात आणि पैसेही जातात.

दुसरा रस्ता मला जास्त आवडतो, पण त्याला एक अट आहे. जुनी हार्डडिस्क फेकली नसेल आणि ती जिवंत असेल, तर तिला तिच्या मूळ जागी परत बसवायची. ती आपल्या सात तारांवरून तापमान सांगत राहील आणि चिपचं समाधान होईल. एसएसडी बसवायची डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी, त्यासाठी पातळ खोका मिळतो. आता डीव्हीडीवर अल्बम कोण मागतंय? सगळे पेनड्राइव्ह नाहीतर लिंक मागतात. डीव्हीडीची जागा अर्ध्या वेगाची आहे, ३ गिगाबिटची, मूळ हार्डडिस्कची ६ ची. कागदावर हा फरक मोठा दिसतो, पण हार्डडिस्कवरून एसएसडीवर आलेल्या माणसाला तो जाणवत नाही. कारण फायली शोधायला आणि प्रोग्रॅम उघडायला जो वेळ वाचतो, तो दोन्हीकडे तेवढाच वाचतो. मॅकओएस आणि चालू काम एसएसडीवर, जुनी लग्नं हार्डडिस्कवर. मात्र ती हार्डडिस्क बारा वर्षांहून जुनी आहे हे विसरू नका, तिच्यावर एकुलती एक कॉपी ठेवायची नाही. तपासून घ्या, खराब सेक्टर दिसायला लागले असतील तर हा रस्ता सोडा.

नेटवर तिसरा सल्ला सापडेल: सेन्सरच्या दोन तारा एकमेकींना जोडून टाका, फॅन गप्प बसतो. २००९-१० च्या दोन तारांच्या वायरीवर हे चालतं, मीही केलंय. पण त्याने चिपला ‘सगळं गार आहे’ असं कायमचं खोटं सांगितलं जातं. एसएसडी तशीही फार तापत नाही म्हणून खपून जातं. तुमच्या २०११ च्या सात तारांमध्ये पॉवरच्या तारा शेजारीच आहेत. एक तार चुकली तर फॅनचा प्रश्न राहणारच नाही, कारण मशीनच राहणार नाही. तुमच्या मशीनवर हे नको.

मशीन पुन्हा खोलायची वेळ आली तर स्वतः करू नका असं मी सांगेन. तुम्ही हुशार नाही म्हणून नव्हे, आत पॉवर सप्लाय उघडाच आहे म्हणून. केबल काढल्यावरही त्यातल्या कॅपॅसिटरमध्ये झटका देण्याइतकी वीज काही वेळ राहते. शिवाय ती मोठी काच. ती चुंबकांवर बसलेली असते, काच उचलायच्या रबरी कपांनी ओढून काढतात. खाली स्क्रीनला टॉर्क्स टी-१०चे, म्हणजे चांदणीच्या आकाराच्या खाचेचे, आठ स्क्रू. स्क्रीन पुढे कलती करून मागच्या वायरी काढताना एका हाताने ती धरून ठेवायला दुसरा माणूस लागतो. परत लावताना काच आणि स्क्रीनच्या मधे एक केस किंवा तंतू अडकला तर तो आयुष्यभर डोळ्यांसमोर, आणि स्टुडिओवाल्याला ते किती खुपतं ते मला माहीत आहे. आपल्या गावच्या हवेत तर तंतूच तंतू.

त्या तंतूंवरून थोडं विषयांतर, कारण फॅनच्या आवाजाची अशीच तक्रार घेऊन विंडोजवाले जास्त येतात, आणि त्यांची कारणं वेगळी असतात. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसातला लॅपटॉप. एसएसडी टाकली, तेव्हापासून फॅन घोंघावतोय. खोलून बघितलं तर फॅन आणि हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या) पट्ट्यांमध्ये रुईचा थर, गोधडीचा तुकडा कापून घातल्यासारखा. आधी बसवणाऱ्याने बाहेरून ब्लोअर मारला होता. त्याने इकडे-तिकडे विखुरलेली रुई एकजागी दाबून बसवली, वाट होती तीही बुजली. असल्या लॅपटॉपला बाहेरून हवा मारून उपयोग नाही. फॅन उचलायचा, थर चिमटीत धरून अख्खा ओढून काढायचा, मग हवा. आणि हवा मारताना फॅनचं पातं बोटाने किंवा काडीने अडवून धरायचं. ब्लोअरवर गरगर फिरवायला मजा येते, पण बेअरिंग त्यातच जातं.

डेस्कटॉपवाल्यांना एसएसडीनंतर आवाज आला तर मी पहिला प्रश्न विचारतो, ‘घड्याळ बरोबर आहे का?’ लोक चक्रावतात. कारण असं: एसएसडी बसवताना पॉवर केबल काढली जाते. बोर्डावरचा तीन व्होल्टचा नाण्यासारखा सेल जुना होऊन मेलेला असेल, तर तेवढ्यात बायोसची, म्हणजे मशीन चालू होताना बोर्ड वाचतो ती, सगळी सेटिंग पुसली जातात, तारीखही मागे जाते. त्यात फॅनचं सेटिंगही गेलं. तीन पिनांचा फॅन असेल आणि बायोसने चार पिनांचा धरून चालायला सुरुवात केली, तर तो सतत पूर्ण वेगाने फिरतो, कारण तीन पिनांच्या फॅनचा वेग व्होल्टेज कमी करूनच उतरवावा लागतो. बायोसमध्ये ‘पीडब्ल्यूएम’ (चार पिनांची पद्धत) च्या जागी ‘डीसी’ (व्होल्टेजची पद्धत) केलं आणि सेल बदलला की काम झालं. नवी एसएसडी बसवायला आलेल्या माणसाला सेल बदलायला सांगितला की तो संशयाने बघतो, ते वेगळं.

डेस्कटॉपमध्येच दुसरं नेहमीचं कारण म्हणजे साटाची केबल, डिस्कची डेटा केबल. नवी केबल लाल, कडक आणि गरजेपेक्षा लांब असते. कॅबिनेटचं झाकण लावलं की ती प्रोसेसरच्या फॅनवर टेकते. उघडं असताना आवाज नाही, बंद केलं की टर्रर्र. एक टाय मारायचा.

आणि नवीन विंडोज टाकलं असेल तर पहिला दिवस-दीड दिवस तक्रारच करू नका. अपडेट उतरत असतात, अँटिव्हायरस सगळ्या फायली तपासत असतो, शोधण्यासाठीची यादी तयार होत असते. जुन्या हार्डडिस्कवर प्रोसेसर बहुतेक वेळ डिस्कची वाट बघत बसलेला असायचा. आता डिस्क वाट बघायला लावत नाही, म्हणून तो घाम गाळतो आणि फॅन वाढतो. टास्क मॅनेजर उघडून बघा, प्रोसेसर चाळीस-पन्नास टक्क्यांवर असेल तर फॅन योग्यच करतोय. दोन दिवसांनीही तसंच असेल तर मग मशीन घेऊन या.

परत तुमच्याकडे येतो. २०१२ च्या शेवटी आलेल्या पातळ आयमॅकबद्दल तुमच्या मित्राने विचारलंय. त्यात फॅन एकच असतो, पण हार्डडिस्क बदलल्यावर हीच कटकट त्यातही होऊ शकते. उपाय हेच, केबल मात्र त्या मॉडेलची वेगळी. त्यात चुंबकांवरची वेगळी काच नसते, स्क्रीनच चिकटपट्टीने चिकटवलेली असते, प्रत्येक वेळी खोलल्यावर नवी पट्टी लागते. ते मशीन घरी खोलू नका असं त्याला माझ्या नावाने सांगा.

तुम्ही आज स्टुडिओ बंद करायच्या आधी सॉफ्टवेअर टाका आणि तीन फॅनच्या फेऱ्या एका कागदावर लिहा: आधी मशीन चालू केल्यावर लगेच, मग पाच मिनिटांनी. खाली एसएसडीचं तापमान, कॉपी करण्याआधीचं आणि करतानाचं. जुनी हार्डडिस्क दुकानदाराकडेच राहिली असेल तर उद्या सकाळी पहिल्यांदा ती मागून घ्या, भंगारात गेली तर दुसरा रस्ता बंद होईल. आकडे कळवा. हार्डडिस्कचा फॅन एकटाच चढलेला असेल तर मशीन उचलून आणायची गरज नाही, सेटिंग मी फोनवरच सांगतो. तिन्ही चढलेले असतील तर सोमवारी दुपारनंतर घेऊन या, स्क्रीनच्या सेन्सरची ती वायर बघू.